विहिरीतला माग

मकबूल मोमीनचा माग भर दुष्काळात पाण्याखाली गेला. पण ते राहू द्या. तसं काही घडलंच नाही असं धरून ऐका.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चाकूरकडच्या त्या गावात प्यायला पाणी नव्हतं. गावाचे अर्ज लिहिणाऱ्या व्यंकटीनं टँकरसाठी तीन अर्ज केले. पहिल्याला जुन्या जिल्ह्याचं उत्तर आलं, आता तुम्ही आमचे नाही. पुढच्या दोन्हींना नव्याचं आलं, तुम्ही अजून आमचे नाही.

मकबूल जाडेभरडे पंचे विणायचा. लातूरच्या एका बाईंनी त्याला जुन्या विलायती फॅशनच्या पुस्तकातलं चित्र दिलं. चौकटीचा मऊसूत स्कार्फ. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत बारा नमुने दिले, तर वर्षभर काम. नाही दिले, तर बापाचा माग चुलीत घालून सोलापूरच्या यंत्रमागावर जायचं, हे त्याच्या बायकोनं, गौसियानं, ठरवूनच टाकलं होतं.

पण हवा अशी वाळलेली, की बारीक सूत हात लावायच्या आत तुटायचं. मकबूल त्याला ओलं फडकं लावायचा.

"अजी, लेकरं तहानंनं रडून राहिलेत, अन् तुम्ही धाग्याला पाणी पाजता?" गौसिया म्हणायची.

गावात ओल उरली होती एकाच जागी, आटलेल्या विहिरीच्या तळाला. मकबूलनं दोरानं माग खाली उतरवला, खडकात खुंटे ठोकले आणि गाळात बसून विणायला लागला. वर मागाच्या धोट्याची खटखट ऐकू यायची. बाया सवयीनं घागरी घेऊन काठावर येऊन उभ्या राहायच्या.

"काय रं मकबूल, लागलं का पाणी?" धुरपताबाई वाकून विचारायची.

"न्हाई मावशी. सातवा स्कार्फ लागलाय."

"कशाला घालत्यात त्यो?"

"थंडी वाजती म्हणून."

"आमच्या अंगात घामापुरतं पाणी न्हाई, अन् त्यांला थंडी!"

नऊ झाले. दहावा मागावर होता, तेव्हाच टँकर आला. विहिरीत पाइप सोडायचा आणि बायांनी शेंदून घ्यायचं, ही टँकरची रीत.

"ये वर, पाणी सोडायलोय," ड्रायव्हर ओरडला.

"दादा, अर्धा तास द्या. माग सोडवतो."

"पुढं चार गावं हायेत. न्हाईतर जातो तसाच."

मकबूलनं वर बघितलं. सगळं गाव काठावर वाकलेलं. धुरपताबाईनं घागरीला दोर बांधून ठेवलेला. गौसिया पुढंच उभी होती, कडेवर धाकटी, हातात रिकामी घागर. लेकराच्या ओठांना भेगा पडलेल्या.

त्यानं विणून झालेले नऊ स्कार्फ मागावरून कापून गळ्यात गुंडाळले आणि दोर धरून वर आला.

"सोडा."

पहिली घागर गुलाबी आली. मागावरच्या सुताचा रंग. धुरपताबाईनं घोट घेतला.

"प्या गं, फॅशनचं पाणी हाय."

मागाचं लाकूड पाणी पिऊन फुगलं, खुंटे काही हलेनात. दोन दिवस शेंदलं की मागाचा माथा दिसायचा, तेवढ्यात दुसरा टँकर यायचा. आजवर न आलेला टँकर आता एकही वार चुकवत नव्हता. शुक्रवारला चार दिवस उरले, तेव्हा मकबूल व्यंकटीकडं गेला.

"व्यंकटी, अजून एक अर्ज लिही."

"आता कशाचा रं?"

मकबूलनं सांगितलं. व्यंकटीनं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"अन् तवर बायांनी काय शेंदायचं?"

मकबूल म्हणाला, "त्येबी लिही."

"मेहेरबान जिल्हाधिकारी साहेबांचे सेवेशी. सविनय अर्ज करतो की, आमचे तीन स्कार्फ बाकी असल्याने मौजे मजकूरचा दुष्काळ येत्या शुक्रवारपर्यंत पूर्ववत चालू ठेवण्यात यावा. तसेच सदर मुदतीत गावातील कोणासही, विशेषतः लहान मुलांस, तहान लागू नये असा आदेश व्हावा, ही नम्र विनंती."