दुसरी तार

"दादा, वर उडता उडता पेट्रोल भरताना आग लागली, तर तू उडी मारायची कुठं?"

वर्गातल्या मैत्रिणींनी डिवचलं होतं, "हिंमत असंल तर इचार की!" विजयमालानं विचारलंसुद्धा, तेही दादाच्या तोंडात घास असताना. इंग्रजी शिकायला लागल्यापासून तिला कशाचंच भ्या वाटत नव्हतं.

मानसिंग हसला. "उडी कशाला? आगच लागू द्यायची न्हाई. त्यासाठनं तर सराव."

लढाई चालू होती आणि मानसिंग विमानदळात होता. जपान लांब, टाकीतलं पेट्रोल पुरायचं नाही. म्हणून पेट्रोल घेतलेलं एक विमान वर, एक खाली, आणि मधे लोंबती नळी. खालच्या विमानातून ती आकड्यानं ओढायची आणि टाकीला जोडायची, हे त्याचं काम. मागल्या महिन्यात सरावातच एक विमान पेटलं. कडेगावचा अर्जुना त्यात गेला.

ते कानावर आलं आणि आईनं अन्न सोडलं. मग आबांनी गावात फौजेतल्या पोरांचे बाप करतात तेच केलं. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब ये,' अशी तार! मास्तर खोटी तार लिहून देईनात, म्हणून इंग्रजी मजकूर विजयमालाचा. साहेबानं रजा दिली. दादा धापा टाकत घरी आला, तर आई चुलीपुढं धपाटी थापतेय, ठणठणीत!

"मग साहेब सराव बंद का करत न्हाई?" विजयमालानं पुढं विचारलं. "मानसं मरत्यात की!"

"केला हुता बंद. तर हात इसरलं. पुन्यांदा वर गेलो, तवा नळी पंख्यातच गुतत हुती." मानसिंगनं ताट बाजूला सारलं. "साहेब म्हनतो, सराव केला तर चार मरतील, न्हाई केला तर समदी. उद्या रजा सरतीया. निघालो तर थोडा सराव घावंल, माले. रजा वाढली तर थेट लढाईवर."

"मग उद्या जा. वाचशील."

"सरावात बी मरता येतंय."

"मग ऱ्हा."

"आईनं आन घातलीया. साहेबानं रजा वाढवली तर ऱ्हायाचं." तो उठून गोठ्याकडं गेला.

तो गेला तसे आबा कागद घेऊन आले. "लिव्ह, माले. आईचं दुखनं वाढलंय, रजा वाढवा."

"आवं आबा, त्यो सरावाबिगर लढाईवर जाईल!"

"जाईल तवा जाईल," आई म्हणाली. "आज तर डोळ्यांम्होरं हाय. अर्जुनाच्या आईला पोराचं त्वांड बी बघाय मिळालं न्हाई."

विजयमालानं पेन्सिल घेतली. लिहावं तर दादा सराव सुटलेल्या हातांनी थेट लढाईत नळी धरणार. न लिहावं तर चार दिवसांत पुन्हा त्याच नळीखाली उभा. वर्गात गणिताला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. इथं दोन्हीकडनं धूरच.

"आन सरावात त्येचं कायबाय झालं तर?" आईचा आवाज चिरकला. "तू भरून देनार हायस?"

"न्हाई," ती म्हणाली. पेन्सिल कागदावर ठेवली आणि उभी राहिली. "मला जलमभर बोल लावा, आये. पर ही तार मी लिवनार न्हाई. दादा उद्याच्या गाडीनं जाईल."