बाबांचे तीन स्वेटर

थोरलीने तिन्ही बिलं काउंटरच्या काचेवर ओळीने मांडली.

“एका थंडीत तीन स्वेटर? माझ्या वडिलांना अंगं किती आहेत?”

दुकानदाराने गळ्यातला टेप काढून सावकाश गुंडाळला. “दर वेळी नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत आले, ताई. तसंच परत पाठवायचं होतं का?”

गोडबोल्या माणसांचं तिला वावडंच होतं. बाबांना विस्मरणाने गाठलं आणि कोर्टाने त्यांचा कारभार तिच्यावर सोपवला, तेव्हापासून जो तो हात धुऊन घ्यायला टपलाय असं तिला वाटे. हा तर उधारीच्या वसुलीची थेट नोटीस पाठवून मोकळा झाला होता.

वकिलांनी मात्र धीर दिला होता. “बाबांनी केलेला सौदा कायद्याने टिकत नाही. वस्तू गरजेची असेल तरच त्यांच्या मिळकतीतून भरपाई द्यावी लागते. घरात गरम कपडे होते एवढं दाखवा. कपाटाचा एक फोटो बस झाला.”

ती तशीच धाकट्या भावाकडे गेली. बाबा तिथेच राहत. एरवी ती कळवून रविवारी येई, तेव्हा ते शाल पांघरून बसलेले असत. आज पलंगावर सदऱ्यात होते, हात काखेत दाबून.

“कपाट उघड,” ती भावजयीला म्हणाली.

भावजयीने किल्ली आणली. “सगळं उपसून खोलीभर पसरतात हो. आवरून आवरून माझा पिट्टा पडतो. शेवटी कुलूपच लावलं.”

आत कपड्यांच्या घड्या कशा नीटनेटक्या! थोरलीने दिलेली शाल, दोन जाकिटं, मोजे आणि दुकानदाराचे तिन्ही स्वेटर. थोरलीचा जीव भांड्यात पडला. खटला खिशात. तिने मोबाईल वर धरला.

तेवढ्यात बाबा लगबगीने उठले. हाताला लागला तो स्वेटर ओढून त्यांनी छातीशी धरला आणि मुलीकडे चोरासारखं पाहिलं.

“बाबा, ठेवा बरं तो,” भावजय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

“राहू दे.”

थोरलीने तो स्वेटर बाबांना घातला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“आता कपाट लाव,” ती म्हणाली. “कुलूपसुद्धा.”

भावजय गोंधळली, पण तिने किल्ली फिरवली.

मग थोरलीने वकिलांसाठी त्या कुलूपबंद कपाटाचा फोटो काढला.