वाढत्या अंगाचा शर्ट

दिगंबर माळवदे यांनी शिवलेला कपडा अंगात घातला, की आठव्या दिवशी माणसाच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, लिंबाएवढी गाठ येत असे. बार्शीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दसरा जवळ आला तसे त्यांच्या दुकानात कापडांचे ढीग पडले. कारण काय, तर शिलाई चांगली. शिंप्याचं नाव दिगंबर, यावर गावानं हसून घ्यायचं तेवढं केव्हाच हसून घेतलं होतं. गाठीवर मात्र कुणी हसत नसे, कारण ती ज्याच्या त्याच्या पाठीवर होती.

पहिली गाठ खुद्द दिगंबररावांची. अकरा वर्षांपूर्वी ती चिंचोक्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली, मग लिंबाएवढी होऊन थांबली. दुखत नाही, खुपत नाही, बोटानं ढकलली तर जराशी सरकते आणि पुन्हा जागेवर येते. डॉक्टर हिंगमिरे यांनी तेव्हाच सांगितलं होतं, चरबीची गाठ आहे, निरुपद्रवी आहे, हवी तर काढू, नको तर राहू द्या. दिगंबररावांनी राहू दिली. माणूस स्वभावानंच तसा. बंद पडलेला रेडिओही त्यांनी अजून फळीवर राहू दिला आहे.

मागच्या श्रावणापासून त्यांच्या शिलाईत जागा सुटायला लागली. माप बरोबर, कापणं बरोबर, पण मशिनवरून कपडा उतरला की पाठीवर एका ठिकाणी कापड वाटीसारखं उभं राही. गिऱ्हाइकानं तो कपडा घातला की आठ दिवसांत ती जागा भरून यायची. दुसरा कुणी असता तर हबकला असता. दिगंबररावांना नवल वाटलं, आणि एकदा नवल वाटलं की या माणसाचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी मेव्हण्याच्या मशिनवर शिवून पाहिलं, तेच. हातानं शिवून पाहिलं, तेच. उशीचा अभ्रा शिवला तर आठव्या दिवशी उशीला गाठ आली. मशिनचं कव्हर शिवलं तर मशिनला उजव्या अंगाला आली, आणि ते पहिल्यापेक्षा कमी आवाज करायला लागलं.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण त्यांच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं.

"ब्लाउज तुम्हीच शिवायचा, पप्पा," ऋतुजा म्हणाली. "बाप टेलर आणि ब्लाउज लातूरचा, लोक काय म्हणतील?"

"आणि आठव्या दिवशी ही सासरी असेल," तिची आई इंदुमती स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथं काय सांगायचं तिनं? हा माहेरचा आहेर म्हणून? अहो, आधी ती मूळची काढून या. मूळ गेलं की हातातली जाईल."

दिगंबररावांना भीती वाटत होती, आणि ती भीती सुरीची नव्हती. गाठ यायच्या आधी ते बरे शिंपी होते. नावाजले गेले ते गाठ आल्यानंतर. गाठीबरोबर हातही गेला तर? आणि गाठ ठेवली तर लेक ती पाठीवर घेऊन जाणार. शिवणार नाही म्हणावं, तर अठरा वर्षं तिला सांगत आले होते, की तुझ्या लग्नाचा ब्लाउज मी शिवणार. शेवटी त्यांनी चपला घातल्या. इंदुमतीनं ब्लाउज आधीच कापून ठेवला होता. कापलेलं कापड आणि हुकांची पुडी तिनं ऋतुजाच्या पिशवीत घातली. "गाठ निघाली की तिथंच बसून शिवून घे," तिनं लेकीला बजावलं. "मी मागून येते."

दवाखान्याचा व्हरांडा आठ बाकांचा होता. त्या दिवशी तो अठरा बाकांचा निघाला. सगळ्या बाकांवर त्यांचीच गिऱ्हाइकं बसली होती, उजवी बाजू भिंतीला लागू नये म्हणून सगळीच थोडी डावीकडे कललेली.

"टेलर, काढणार का?" गल्लीतल्या नलावडे वहिनींनी विचारलं.

"बघू."

"तुमची काढली की आमची जाणार का?"

"ठाऊक नाही."

"मग नका काढू बाई. माझा अंगभर घेतलेला पदर तिच्यावर काय छान बसतो."

"माझी काढली मागच्या महिन्यात," पलीकडच्या बाकावरून भूमितीचे ढगे सर म्हणाले. "शर्ट तोच घातला. आठव्या दिवशी आली परत. त्याच जागी."

दिगंबरराव चालत राहिले. बाकांमागून बाक येत होते आणि व्हरांडा चिंचोळा होत होता. शेवटच्या बाकापाशी बापलेकींना एकामागे एक होऊन जावं लागलं.

डॉक्टर हिंगमिऱ्यांनी पाठ तपासली. "मी काढा म्हणणार नाही आणि ठेवा म्हणणार नाही. तुमची गाठ, तुमची मर्जी. पण एक दाखवतो." त्यांनी कपाटातून काचेची बरणी काढली. बरणीत ढगे सरांची गाठ होती, पिवळसर, गुळगुळीत. तिच्या कडेनं बारीक तुरपाई होती.

"हे टाके आमचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आतूनच होते."

दिगंबररावांनी बरणी उजेडाकडे धरली. टाक्याला टाका जोडून, एकही लहान-मोठा नाही. "माझे आहेत," ते म्हणाले. त्यांना थोडा अभिमानही वाटला.

"मग तुमच्या गाठीला कुणाचे असतील?"

हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. माळवद्यांच्या घरात आपला कपडा आपण शिवत नाही. बापाचा मुलानं शिवायचा, मुलाचा बापानं. आप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, अकरा वर्षांपूर्वी शेवटचा शर्ट शिवला तेव्हा आप्पांची नजर अधू झाली होती आणि दिगंबरराव एक्केचाळीस वर्षांचे होते. आप्पा जन्मभर पोराचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत आले. तोही शर्ट त्यांनी वाढत्या अंगाचाच शिवला. पाठीत चांगलं बोटभर कापड जास्त. दिगंबररावांनी दाखवलं तर म्हणाले, "राहू दे, अंगात भरशील." दोन महिन्यांनी आप्पा गेले. तो शर्ट उसवून नीट करायचा दिगंबररावांना धीर झाला नाही. ते तसाच घालत राहिले आणि पुढं रेडिमेडवर आले.

"काढायची की ठेवायची ते नंतर ठरवू," ते म्हणाले. "आधी उघडून बघू या."

"उघडली म्हणजे काढायचीच असते, माळवदे."

"उसवल्याशिवाय कळत नाही, डॉक्टर. आमच्यात तरी तसंच आहे."

ऑपरेशनच्या खोलीचे हिरवे पडदे दिगंबररावांनीच शिवले होते, त्यामुळे खिडकीलाही गाठ होती. डॉक्टर सवयीनं तिच्यापासून अंग चोरून पलीकडे गेले. भूल फक्त पाठीपुरती दिली होती. दिगंबरराव टेबलावर पाय खाली सोडून बसले आणि ऋतुजा समोरच्या स्टुलावर. पाठीवर काहीतरी थंड फिरलं. मग डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला.

"काय दिसतंय?" दिगंबररावांनी विचारलं.

"तुरपाई. टाके वेडेवाकडे आहेत. धागा निळा."

शेवटच्या वर्षी आप्पांना पांढऱ्यावर पांढरा धागा दिसत नसे, म्हणून ते सगळं निळ्यानं शिवायचे. शर्टावरची ती शिलाई धुऊन धुऊन केव्हाच विटली होती.

"कापू?"

"नको. टोक इकडे द्या."

डॉक्टरांनी धाग्याचं टोक खांद्यावरून पुढं आणून दिलं. दिगंबररावांनी ते हलकेच ओढलं. धागा आला, अंगाएवढा गरम, आणि येतच राहिला. वीतभर आला, हातभर आला, मांडीवर त्याचं वेटोळं पडलं. एवढा धागा वाया कसा घालवायचा? त्यांनी ऋतुजाकडे सुई मागितली आणि पिशवीतलं कापड मांडीवर घेतलं.

बाही जोडली तेव्हा डॉक्टर मागून म्हणाले, "गाठ निम्मी झाली." दुसरी बाही झाली, कंबरपट्टी झाली. हात चालत होता. तो चालतोय का हे दिगंबरराव टाक्याटाक्याला बघत होते, आणि तो चालत होता. बाहेर बाक करकरायला लागले. एकेक माणूस ताठ होत होता.

"टेलर," दाराबाहेरून नलावडे वहिनींचा आवाज आला, "माझा पदर घसरायला लागलाय."

खोलीत आता तीन माणसांपुरतीच जागा उरली होती. स्टूल आणि टेबल एकमेकांना लागले होते.

ऋतुजानं पडद्याआड जाऊन ब्लाउज चढवला आणि दिगंबररावांकडे पाठ करून उभी राहिली. हुक पाठीवर होते. ते त्यांनी तिच्या अंगावरच, एकेक करून, वरून खाली लावले. शेवटचा हुक शिवून झाला तेव्हा धागा त्यांच्या पाठीतून निघून, खांद्यावरून, थेट तिच्या पाठीपर्यंत ताणलेला होता.

"नीट बसलाय का, पप्पा?"

दिगंबररावांनी तिच्या उजव्या खांद्याखाली पाहिलं. कापड अंगाला लागून होतं, की तिथं थोडी जागा होती, हे इतक्या जवळून त्यांना कळेना. मागं सरकून बघावं तर मागं भिंत.

"आत चिंचोक्याएवढी राहिलीय," डॉक्टर म्हणाले. "धागा ओढला गेला तर तीही येईल. तोडलात तर तेवढी राहील तुमच्यापाशी. कात्री देऊ?"

दिगंबररावांनी नको म्हणून मान हलवली आणि धागा दातांत धरला. त्याला आप्पांच्या दुकानातल्या मेणाची चव होती.

"पप्पा, आई बाहेर थांबलीय. तिला दाखवून येऊ?"

धागा दातांत असल्यामुळे त्यांना बोलता येईना. ऋतुजानं क्षणभर वाट पाहिली, पदर सावरला आणि दाराच्या दिशेनं पाऊल उचललं.