चार आणि चारा

रेवणसिद्धला दिसत नव्हतं. जळकोटचा हा मुलगा नांदेडला मराठीत एम. ए. करत होता आणि सगळी पुस्तकं मोबाइलकडून वाचून घ्यायचा. एकदा ग्रंथालयात तो आवाज शेजारी बसलेल्या बुद्धप्रियाच्या कानी पडला. बैलाच्या चाऱ्यातला 'च' मोबाइल 'चार' आकड्यासारखा म्हणत होता.

"असंच बोलतंय हे?"

"दोन वर्षं ऐकून राहिलो. आता माझीच जीभ बिघडायली."

मुदखेडची बुद्धप्रिया कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होती. वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे जगातल्या कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करून पाठवावं असं. तिने आठ दिवस खपून सगळेच 'च' बदलले आणि पाठवून दिले.

फिनलंडहून उत्तर आलं. प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'यामुळे चहा आणि चिमणी बिघडली. चाचण्या जोडलेल्या नाहीत. स्वीकारता येत नाही.' तेही साऱ्या जगाला दिसेल असं. तिच्या मोडक्या इंग्रजीसकट. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "याला मार्क नाहीत. आपला प्रोजेक्ट संपव." पंधरा दिवस तिने त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग रेवणसिद्धच पांढरी काठी टेकत प्रयोगशाळेत आला.

"चूक काढली म्हंजे कुणीतरी वाचलं की! सगळ्या 'च'ला एकच नियम बसत नसंल तर एकेक शब्द लिहू. मी बोलतो, तू टाइप कर."

महिनाभर दोघं बसले. सोळाशे चाळीस शब्द झाले, प्रत्येकाला उच्चार बरोबर येतो का हे तपासणारी चाचणी. एखाद्या शब्दावर वाद झाला की बुद्धप्रिया आईला फोन लावायची. पार्वतीबाई भाजी चिरता चिरता निकाल द्यायच्या.

पुन्हा पाठवलं. पुन्हा प्रश्न आला, 'हा उच्चार फक्त तुमच्या भागातला तर नाही?'

या वेळी ती डगमगली नाही. रत्नागिरी, कोल्हापूर, नागपूरच्या पोरींकडून तेच शब्द बोलून घेतले, आवाज जोडले आणि चारच वाक्यं लिहिली. शेवटचं होतं, 'कृपया ऐका.'

तिसऱ्या दिवशी बदल स्वीकारला गेला. खाली लिहिलं होतं, 'अकरा वर्षं आम्ही चुकीचं बोलत होतो. कुणी सांगितलंच नव्हतं.'

नवी आवृत्ती आली तेव्हा रेवणसिद्धने भर कँटीनमध्ये इअरफोन काढून टाकला आणि अख्खं पान मोठ्याने लावलं. टेबलाटेबलावरची बडबड थांबली. पान संपलं तसा तो इतका मोकळा हसला की बुद्धप्रियाचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात फिनलंडहून विचारणा झाली, मराठीचं काम यापुढे तुम्ही बघाल का? कुणाचाही बदल आधी तुमच्याकडे येईल.

तिने मुदखेडला फोन लावला.

"म्हंजे तुला इचारल्याबिगर कोणी मराठीत हात घालणार न्हाई?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"हाव, आई."

"मग नीट बघ माय. घाईघाईत हो म्हणू नको कुणाला."

तिने होकार कळवला. समोर रेवणसिद्ध खुर्ची ओढून तयारच बसला होता.

"चल," तो म्हणाला, "आता 'ज' घेऊ."