उनोची हजेरी

ऐन उन्हाळ्यातल्या यानच्या सणाला पिहला गावात आधी सिनेमा दाखवतात आणि मग शेकोटी पेटवतात. उलटं करून चालत नाही, कारण शेकोटीनंतर खुर्चीवर सरळ बसण्याच्या अवस्थेत कुणी उरत नाही. त्या दिवसांत हिउमा बेटावर अंधार म्हणून पडत नाही. म्हणून सभागृहाच्या खिडक्यांवर घोंगड्या ठोकायच्या, धुरावलेले मासे आणि घरची बियर दाराशी ठेवायची, आणि भर उजेडातून काळोखात जाऊन बसायचं. सिनेमा दरवर्षी तोच, 'गाईची सुट्टी'.

हा सिनेमा ज्याला ठाऊक नाही असा माणूस एस्टोनियात सापडला, तर तो एक तर परका असतो नाही तर तान्हा. टालिनहून विश्रांतीला आलेला एक लठ्ठ हिशेबनीस सामूहिक शेतावर उतरतो, आणि गावकरी त्याला गुरांचा तपासनीस समजून बसतात. बिचारा चहा मागायला गेला तरी लोक त्याच्यापुढे गाय आणून उभी करतात. शेवटी वैतागून तो गाईच्याच पाठीवर कागद ठेवतो, तेव्हा गवळण म्हणते, "गाय सही करत नाही, साहेब." हे वाक्य पुढे पोस्टात चाललं, दवाखान्यात चाललं, घटस्फोटाच्या कोर्टातही चाललं. राज्य बदललं, झेंडा बदलला, नाणं दोनदा बदललं, पण त्या वाक्याला कुणी हात लावला नाही. दर नववर्षाच्या संध्याकाळी तो सिनेमा टीव्हीवर लागतो आणि सगळा देश नटांच्या आधी संवाद म्हणून मोकळा होतो.

पिहलाची गोष्ट जरा वेगळी, कारण सिनेमा इथेच काढलेला. पडद्यावर जी गर्दी दिसते ती पिहलाचीच. त्यातून एक रीत पडली. आपण पडद्यावर आलो की उठून "हजर" म्हणायचं. आधी ती निव्वळ थट्टा होती. मग माणसं जायला लागली. गेलेल्याचं तोंड पडद्यावर आलं की त्याच्या घरचं कुणीतरी उठून त्याच्या वतीने "हजर" म्हणू लागलं, आणि थट्टेची रीत झाली. आता सभागृहात स्वतःसाठी उठणारे पाचसहाच उरले होते. बाकी सगळे दुसऱ्यांसाठी उठत.

यंदा हेल्वेला आईसाठी उठायचं होतं. आई, आर्मिल्दे, मार्चमध्ये गेली, नव्वदी ओलांडून, झोपेत. त्याबद्दल हेल्वेची तक्रार नव्हती. तिला धास्ती होती ती भावाच्या प्रसंगाची.

उनो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. सिनेमात त्याचा प्रसंग एवढासाच. हिशेबनीस सामूहिक शेतीचं कार्यालय समजून वाफेच्या न्हाणघराचं दार ठोठावतो. दार उघडतं. आतून वाफेचा लोट येतो आणि डोक्यावर साबणाचा फेस, हातात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेतलेला एकोणीस वर्षांचा उनो उभा राहतो. बोलत काही नाही. नुसता बघतो आणि दार लावून घेतो. एवढ्यावर देश हसतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासारखाच तो चेहरा आहे.

सिनेमावाले गेले, आणि त्याच महिन्यात उनो पहाटे जाळी उचलायला गेला तो आलाच नाही. होडी सापडली, कोरडी. तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती, आणि किनाऱ्यावर सैनिक संध्याकाळी वाळूवर दाताळं फिरवून ठेवत, कुणी पाण्याकडे गेलं तर पावलं दिसावीत म्हणून. सैनिकांनी आईला तीन वेळा बोलावून घेतलं आणि विचारलं, मुलगा स्वीडनला पळाला का? आईने कानांवर हात ठेवले. पण घरी येऊन ती जवळजवळ आनंदात होती. त्यांना वाटतंय तो पोचला, म्हणाली, त्यांना काहीतरी माहीत असणार. त्या दिवसापासून उनो स्वीडनमध्ये होता.

टीव्हीवर उनो दिसला की आई म्हणायची, "बघ किती वाळलेला. तिथे जरा खाऊ घालत असतील." सीमा उघडल्या, लोक येऊजाऊ लागले, तरी उनोची चिठ्ठी नाही की फोन नाही. हेल्वे स्वतः एकदा स्टॉकहोमला जाऊन तिथल्या आपल्या मंडळींत चौकशी करून आली. कुणी नाव ऐकलं नव्हतं. आईला तिने सांगितलं, देश मोठा आहे. आई म्हणाली, तेच तर.

म्हणून उनोच्या प्रसंगाला आजवर कुणी उठलं नव्हतं. आईचा सक्त दम होता, "जिवंत माणसाच्या नावाने हजर म्हणायचं नाही." आणि त्यात तिचं चुकत नव्हतं. एका वर्षी हेल्वेच्या मैत्रिणीचा, वाइकेचा, नवरा आर्वो टालिनला कामाला गेला होता, तेव्हा त्याच्या काकाने बियरच्या भरात त्याच्यासाठी "हजर" ठोकलं आणि सगळे हसले. शरद ऋतूत आर्वो छपरावरून पडून गेला. तेव्हापासून गाव या बाबतीत जिभेला लगाम घालून असतं.

पण उनोच्या हजेरीला उत्तर न मिळाल्यामुळे दुसरंच काही होऊ लागलं होतं. उनो दार लावीनासा झाला होता.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते सांगता येत नाही, कारण कुणी बोललंच नाही. पिहलातली माणसं घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याला हवापाण्याचं विचारतील. पण दरवर्षी त्या प्रसंगाला हसू थोडं जास्त वेळ लांबवावं लागे. पडद्यावर वाफ निघत राहायची, फेस कपाळावरून ओघळायचा आणि उनो सभागृहाकडे बघत राहायचा. माणसं हसत. हसू संपे, तरी तो उभाच. मग कुणीतरी पुन्हा सुरू करी. थांबलं तर ती शांतता कानी पडेल, या धास्तीने म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी येईतो हसत राहत आणि मग एकदाचं दार लागे.

यंत्र चालवणारा एंडेल हाडाचा शंकेखोर. त्याने एकदा तो तुकडा टेबलावर पसरून बघितला. होता तेवढाच होता, चार-पाच हात. रिकाम्या सभागृहात चालवून बघितला, तर दार चटकन लागलं. गाव समोर बसलं की मात्र उनो थांबायचा. एंडेलने हे फक्त हेल्वेला सांगितलं आणि वर म्हणाला, "मी काही म्हणत नाही. यंत्र जुनं आहे."

सणाच्या सकाळी हेल्वे आणि वाइके घोंगड्या ठोकत होत्या. वाइके शिडीवर आणि हेल्वे खाली खिळे घेऊन.

"आज तू त्याच्यासाठी उठ," वाइके म्हणाली. वर बघतच म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्या कोंबड्यासाठी. कुणासाठी म्हणजे काय? आर्मिल्देमावशी होती तोवर मी चकार शब्द काढला नाही. आता घरात तूच आहेस."

"आणि तो असला तर तिकडे?"

"तर बहात्तर वर्षांचा आहे, आणि एक पोस्टकार्ड टाकता येत नाही इतका ऐदी आहे."

"होताच ऐदी," हेल्वे म्हणाली. "वाइके, तू तरी मला हे सांगू नयेस. आर्वोचं काय झालं ते विसरलीस?"

वाइके शिडीवरून खाली आली. हातोडी तिने खिडकीत ठेवली.

"विसरेन कशी? म्हणून तर मीच सांगतेय. जिवंत माणसाचं नाव घेतलं तर काय होतं ते मला कळतं. पण ज्याच्याच्याने दार लाववत नाही, तो जिवंत असतो का गं? गेल्या वर्षी माझी बरगडी दुखेस्तोवर हसले मी. आम्ही म्हातारे झालो. यंदा कोण हसणार एवढं?"

हेल्वेने खिळे तिच्या हातात दिले आणि मासे कापायला निघून गेली. तिला वाइकेचा राग आला होता, आणि राग अशासाठी की बाई खरं बोलत होती. उठले आणि तो जिवंत निघाला, तर मीच त्याला मारलं. उठले नाही तर तो तसाच उभा राहणार, ओल्या डोक्याने, आपण सगळे संपेपर्यंत, आणि त्यानंतर त्याला ओळखणारं समोर कुणीच नसणार. दुपारभर ती हेच दळण दळत राहिली आणि तिने बोट कापून घेतलं.

सिनेमा सुरू झाला. गाय आली, हिशेबनीस आला, सगळ्यांनी त्याच्यासकट संवाद म्हटले. दुधाची बरणी घेऊन आई पडद्यावरून गेली, चाळिशीतली, ताठ, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणारी. हेल्वे उठली. "हजर," म्हणाली. आवाज नीट आला. आई पलीकडे निघून गेली, जशी नेहमी जायची.

मग हिशेबनिसाने न्हाणघराचं दार ठोठावलं.

दार उघडलं. उनो उभा राहिला. सभागृह हसलं, पहिलं हसू खरंच होतं. मग दुसरं आलं, ओढून आणलेलं. वाइकेने तिसरं सुरू केलं, पण तिला खोकला आला आणि ते तिथेच राहिलं. मागे कुणीतरी दोनदा हं हं केलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळे थकून गप्प झाले.

नुसता यंत्राचा आवाज राहिला. उनो बघत होता. घोंगड्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या आणि पडद्यावरची वाफ त्या रेघांपर्यंत येते आहे असं हेल्वेला वाटलं. बर्चच्या पानांचा वास आला. तो तिला एकटीलाच आला नसावा, कारण पुढच्या रांगेतल्या बाईने नाकाला रुमाल लावला. फेस उनोच्या भुवईपर्यंत आला होता आणि तो पुसायलाही त्याने हात उचलला नव्हता. तो इकडून तिकडे रांगा न्याहाळत होता, शाळेच्या दाराशी उभं राहून आपल्या घरचं कोण न्यायला आलंय ते मुलं बघतात तसा.

हेल्वेला त्याची भीती वाटली नाही. तिला भयंकर वाईट वाटलं. पोर इतकी वर्षं उभं होतं आणि आपण सगळे त्याला हसत होतो.

ती उठली. गुडघ्याने खुर्चीला धक्का दिला. देवा, हा तिकडे असला तर मला माफ कर, असं ती मनात म्हणाली, आणि मग मोठ्याने म्हणाली, "उनो. हजर."

त्याची नजर फिरली आणि तिच्यावर येऊन थांबली. सत्तरीला टेकलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे तो बघत राहिला. ओळख पटायला त्याला जरा वेळ लागला, ते तिला दिसलं. मग त्याच्या तोंडाची एक बाजू वर गेली.

त्याच्या मागे, वाफेत, वरच्या बाकावर कुणीतरी बसलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेला, पाठ किंचित वाकलेली. दुधाची बरणी नेणारी चाळिशीतली बाई नव्हे ती. मार्चमध्ये हेल्वेने जिला अंघोळ घालून नेसवलं होतं, ती.

"उनो," आतून आवाज आला, थोडा खरखरीत, थोडा वैतागलेला, "दार लाव रे. सगळी वाफ चाललीय."

उनोने दार लावून घेतलं.

सिनेमा पुढे गेला. हिशेबनीस पायऱ्यांवरून घसरला, शेणात बसला. कुणी हसलं नाही. मग कुणीतरी हसलं, आणि हळूहळू सगळे हसू लागले, साधंच, शेणात बसलेल्या माणसाला हसतात तसं. अंधारात वाइकेने हेल्वेचा हात धरला.

"ऐकलंस?" ती कुजबुजली.

"ऐकलं."

"सिनेमात असा संवाद नाहीये, हेल्वे. मला सगळा पाठ आहे."

"ते आमच्या घरचं वाक्य आहे," हेल्वे म्हणाली.

तिला रडू आलं नाही. उलट आईचा किंचित रागच आला. पन्नासावर वर्षं स्वीडन स्वीडन करून जीव खाल्ला, आणि पोचल्या पोचल्या त्याच्यावर ओरडतेय. आणि आपल्याला 'ये' म्हणून कुणी म्हटलं नाही, दार लागताना आपण बाहेरच्या बाजूला होतो, हेही तिला लागलं. लागायला नको होतं, पण लागलं.

शेवटी नाचाचा प्रसंग आला. ॲकॉर्डियन वाजलं, सगळं गाव गवतावर फेर धरून नाचू लागलं आणि फेरात सोळा वर्षांची हेल्वे गिरकी घेऊन पुढे आली, दोन वेण्या, एका पायातला मोजा खाली घसरलेला. सभागृह तिची वाट बघत थांबलं.

घरातली तिसरी हजेरी तिची स्वतःचीच होती, आणि तीही तिनेच द्यायची होती. हेल्वे उठली, "हजर" म्हणाली आणि खाली बसली. स्वीडनमध्ये आता तिचं कुणी नव्हतं.