सावकाश झुलणारी खुर्ची

"अहो, निदान जेवताना तरी हलू नका. पेला सांडेल," आई म्हणाली.

"मी कुठे हलतोय?" बाबा म्हणाले, आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोलत राहिले.

मला हसू आलं. आईला आलं नाही.

बाबा नदीवर प्रवासी लाँच चालवायचे. या काठावरून त्या काठावर आणि पुन्हा या काठावर. गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांचे ते कप्तान. मग नदीवर पूल झाला. लोक पायीच पलीकडे जायला लागले आणि लाँच बंद पडली. शेवटच्या फेरीला बाबांबरोबर एक सायकलवाला होता आणि एक बकरी. "बकरीनं तरी उतरताना मागे वळून पाहिलं," असं बाबा येईल त्याला सांगायचे.

तेव्हापासून ते घरी होते, आणि कुणाला बोट लागते तसं त्यांना घर लागत होतं. जमीन थांबलेली होती, पण त्यांचं शरीर थांबत नव्हतं. आडवे झाले की खाट वरखाली होते म्हणायचे. उठून चालताना भिंतीला हात लावायचे. मी दवाखान्यात रुग्णांची नावं नोंदवायचं काम करते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनाच दाखवलं. त्यांनी कान पाहिले, डोळे पाहिले, एका पायावर उभं केलं.

"आजार काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आयुष्य पाण्यावर काढलंय. शरीर अजून तिकडेच आहे. येईल हळूहळू घरी."

"म्हणजे अर्धे अजून कामावरच आहेत," आई म्हणाली.

पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हटल्यावर माणूस चिडचिडा होतोच. आई घरात शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या यंत्राची खडखड बाबांना सहन होईना. चहात साखर कमी, भात मोकळा, उशी उंच. एकदा तर कावळा फार मोठ्यानं ओरडतो म्हणून आईवर ओरडले. आणि मग एकाएकी ते सकाळच्या चहानंतर बाहेर पडायला लागले. परत यायचे ते चेहरा धुतल्यासारखा ताजा करून.

"कुठे गेला होतात?"

"असाच. फिरायला."

आईनं त्यांच्या चपला पाहिल्या. धुळीचा कण नव्हता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती मला म्हणाली. माझ्या सुट्टीच्या दिवशी तिनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही दोघी बाबांच्या मागे निघालो.

बाबा चौकात जाऊन बसमध्ये चढले. मागच्या चाकावरची जागा असते ना, जिथे कुणी आपणहून बसत नाही, तिथे खिडकीशी जाऊन बसले. आम्ही पुढच्या दारानं चढून छत्रीआड तोंडं लपवली. बस हलली, खड्ड्यात आपटली, आणि थोड्याच वेळात बाबांची मान छातीवर पडली. गाढ झोपले. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. आई उठून त्यांच्याकडे जायला लागली तर कंडक्टर ओठांवर बोट ठेवून म्हणाला,

"आजोबांना उठवू नका. रोजचे आहेत. आधीच परतीचं तिकीट काढून ठेवतात. रस्ता जितका वाईट, तितकी झोप चांगली!"

तो हसला. आई परत जागेवर येऊन बसली. परतीच्या वाटेवर आम्ही एक थांबा आधीच उतरलो. गल्लीच्या तोंडाशी आई थबकली. मग म्हणाली, "स्वतःचं घर असून माणसाला झोपायला बाहेर जावं लागतं. बाई, बाई!"

दुसऱ्या दिवशी मला रजा काढायला लावून ती जुन्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला होता आणि तो तोच शोधत होता.

"झुलती खुर्ची आहे?" आईनं विचारलं.

त्यानं लोखंडी नळ्यांची एक हलकी खुर्ची पुढे केली. आई बसली आणि लगेच उठली. "हा घोडा आहे. पोरांना द्या." दुसरी लाकडी होती, रंग नवा. "ही हिसका देते." मग तिला मागे, कपाटाच्या सुट्या दारांखाली, काहीतरी वाकलेलं दिसलं.

"ती नको, ताई," दुकानदार म्हणाला. "फार जुनी. अवजड. एका आजीबाईंची होती, त्यांची सगळी मुलं हिच्यावर झोपली म्हणे. आता कोण नेणार? निम्मी खोली खाते."

"काढा तर."

शिसवी, काळीभोर खुर्ची. बैठक वेताची, एका कोपऱ्यात फाटलेली. हात ठेवायच्या जागा झिजून गुळगुळीत झालेल्या, बाळाच्या कानामागच्या कातडीसारख्या. खालच्या वाकवलेल्या पट्ट्या चांगल्या लांब होत्या. आईनं अंगठ्यानं जमीन ढकलली. खुर्ची मागे गेली, पार मागे, तिथे क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि सावकाश पुढे आली. आईनं डोळे मिटले.

"आई?"

"गप्प बस. बघू दे."

"डोळे मिटून काय बघतेस?"

"तुझे बाबा जेवताना कसे डोलतात ते. रोज समोर मीच बसते ना." खुर्ची आणखी दोनदा आली-गेली. "हीच," ती म्हणाली.

आमची खोली पाहता नाकापेक्षा मोती जड होता. खुर्चीला पुढे जागा लागते, मागेही लागते. आईनं खिडकीजवळचं शिवणयंत्र ओढत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं आणि खुर्ची खिडकीपाशी मांडली. बाबा आले.

"हे काय?"

"बसा."

"एवढा म्हातारा झालो का मी?"

"बसा म्हणते ना!"

ते परक्या घरी बसावं तसे अगदी कडेला टेकले. मग जरा मागे सरकले. खुर्ची हलली तसे त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मग बोटं सैल झाली. पाठ टेकली.

"अगं..." एवढंच म्हणाले. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, आमच्या घरात झोपले.

बस सुटली ती कायमची. बैठकीचा फाटका कोपरा बाबांनी बारीक दोरीनं स्वतः विणून काढला, सगळ्या गाठी लाँचवरच्या. गल्ली खुर्ची पाहायला लोटली. प्रत्येकाला "जरा बसून" पाहायचं होतं. शेजारच्या काकू बसल्या त्या उठेचनात, शेवटी त्यांच्या सुनेला बोलवावं लागलं. घराला एक नवा आवाज आला, मांजराच्या घुरघुरीसारखा. तो ऐकू आला की आई चहाला आधण ठेवायची, थांबला की ओढणी घेऊन बाबांच्या अंगावर टाकायची.

उन्हाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बाबा खाटेवर उठून नुसतेच बसून राहिले.

"काल रात्री खाट हलली नाही," ते म्हणाले.

"मग बरं झालं की!" मी म्हणाले.

"हो. बरं झालं."

चहा तसाच गार झाला. दुपारी ते नदीवर जाऊन आले आणि खुर्चीत न बसता उंबरठ्यावर बसले. आई शेजारी जाऊन बसली.

"इतकी वर्षं पाणी अंगात होतं गं," बाबा म्हणाले. "गेलं. कधी उतरलं, कळलंसुद्धा नाही."

आईनं समजूत घातली नाही. म्हणाली, "मी मात्र वाट बघत होते, उरलेले अर्धे घरी कधी येतात याची."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या दिवा जळत होता तिथे थांबले. दिव्याखाली यंत्र, यंत्रावर गणवेशाची चळत.

"हे इथे कधी आलं?"

"आज दिसलं होय?" आई दारातून म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी आणि मी मिळून यंत्र उचलून खिडकीपाशी नेलं. खुर्ची आतल्या भिंतीकडे गेली. आई सारखी म्हणत होती, "राहू द्या हो, सवय झालीय मला," आणि यंत्र ठेवल्या ठेवल्या उजेडात सुई ओवायला बसली.

शाळा उघडायला आल्या की तिच्या कामाला अंत नसतो. त्या आठवड्यात मी एकदा दवाखान्यातून लवकर घरी आले. दार उघडं होतं, यंत्राचा आवाज नव्हता. मी चपला न काढताच आत शिरले.

आई खुर्चीत झोपली होती. मांडीवर अर्धी शिवलेली बाही, बोटात अंगुस्तान. पाठ टेकल्यानं पाय जमिनीला पुरत नव्हते, अधांतरी लोंबत होते. बाबा मागे उभे होते. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा एक हात होता. ओढत होते, सोडत होते, ओढत होते.

"हळू ये," ते कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय."

मी चपला हातात घेतल्या. "किती वेळ उभे आहात, बाबा? मी धरू का?"

त्यांनी आईवरची नजर न काढता नुसती मान हलवली. नको.