पिवळ्या पाण्याची परात

मी एक जुनी काशाची परात आहे. राई गावातल्या शेवंतीबायच्या घरी, चुलीमागच्या फळीवर, मी भिंतीकडे तोंड करून उभी असते. मित्रांनो, माझ्यात कुणी कधी पीठ मळलं नाही. मी कावीळ उतरवायची परात. निदान सगळे तसं म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं.

कासाराने ठोकून ठोकून मला घडवलं. शेवंतीबायच्या सासूने मला विकत घेतलं आणि या कामाला लावलं. तिच्यामागे शेवंतीबाय ते करू लागली. रविवारी उजाडता उजाडता माणसं अनशापोटी यायची. शेवंतीबाय त्यांच्या तळहातांना एका झाडाच्या सालीची पूड चोळायची. झाडाचं नाव ती कुणाला सांगत नसे. मग माझ्यात चुन्याची निवळी ओतून ती त्यांना हात धुवायला लावायची. बघता बघता पाणी पिवळंजर्द व्हायचं.

"बघ, उतारली," ती म्हणायची.

ते पाणी कुणी ओलांडू नये म्हणून ती कुंपणापलीकडे नेऊन टाकायची. तिथे गवतसुद्धा उगवायचं नाही. बहुतेकांचे डोळे महिन्या-दीड महिन्यात निवळायचे आणि नाव माझं व्हायचं. माझा तोरा काय विचारता. त्यांची कावीळ आपली आपणच बरी होत होती, हे मला फार उशिरा कळलं.

१९८८ साली लवू आला. तो रत्नागिरीकडचा, पेणकरपाड्याला नव्या इमारतींच्या भिंतींना प्लास्टर करायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. पण तीन रविवार झाले, डोळे पांढरे झाले.

"आता कशाला तपासायचं, काकू? तुम्ही उतरवलीत ना," असं म्हणून तो हसत निघून गेला. पुढे त्याचं सुगंधाशी लग्न झालं, मुलगी झाली. नऊ वर्षं त्याचं कधी डोकंही दुखलं नाही.

मला आजही भीती वाटते ती त्या नऊ वर्षांची. त्याच्या यकृतात काहीतरी वस्तीला राहिलं होतं. ते बोलत नव्हतं, दुखवत नव्हतं. लवू पोटभर जेवायचा, मुलीला खांद्यावर घेऊन खाडीकडे जायचा, आणि त्याचं यकृत आतून हळूहळू दगडासारखं होत चाललं होतं. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या सुगंधालाही त्याचा पत्ता नव्हता.

१९९७ साली सुगंधा त्याला रिक्षातून घेऊन आली. हातपाय काटकुळे, पोट मडक्यासारखं तट्ट फुगलेलं. त्याचे तळहात अळता लावल्यासारखे लाल होते. पाणी पूर्वीसारखंच पिवळं झालं. चौथ्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली आणि त्याला हॉस्पिटलात नेलं.

पुढच्या रविवारी सुगंधा सहा वर्षांच्या संचिताला घेऊन आली.

"काकू, डॉक्टर बोलले ह्यांना हिपॅटायटिस बी आहे," ती म्हणाली. "रक्तातून लागते ती कावीळ. दूषित सुईने लागते, दुसऱ्याच्या ब्लेडने लागते, नवऱ्याची बायकोला लागते. ह्यांची तेव्हापासून आतच होती म्हणे. आता माझं नि हिचं रक्त तपासायला सांगतायत. आधी तुम्ही हिचे हात बघा ना. पाणी पिवळं नाय झालं तर कशाला हिला सुया टोचायच्या?"

संचिताचे इवलेसे हात माझ्यात आले. पाणी पिवळं झालं. सुगंधाने पोरीला पोटाशी ओढलं.

शेवंतीबायने अंगठ्याने पोरीची पापणी ओढून पाहिली. डोळे पांढरेशुभ्र होते. मग तिने मला धुतलं, नवी निवळी ओतली, आपल्याच तळहातांना पूड चोळली आणि हात बुडवले. पाणी पिवळं झालं.

"तुजे हात दे," ती सुगंधाला म्हणाली.

तेही पाणी पिवळं झालं. तेच पिवळं, जराही कमीजास्त नाही. मला माझ्याच पोटातल्या पाण्याची शिसारी आली.

"पूड नि चुना मिलला का पिवलंच व्हतं ये," शेवंतीबाय हळूच म्हणाली. "मंग लवूचं काय उतारलं मी?"

तिने ओले हात पदराला पुसले.

"ऊठ. पोरीला घे. मीपन येतंय संगं."

लवू घरी आला नाही. महिन्याभरात तो गेला. संचिताचं रक्त स्वच्छ निघालं. तिला लशीची तीन इंजेक्शनं दिली. सुगंधाच्या रक्तात मात्र ते दुखणं सापडलं. पण तिला ते वेळेवर कळलं. दर सहा महिन्यांनी ती न चुकता तपासणीला जाते.

त्यानंतर शेवंतीबायने माझ्यात पाण्याचा थेंब ओतला नाही. तरी माणसं येतात. परवाच एकजण आला, पिवळ्या डोळ्यांचा. सोबत बायको आणि दोन मुलं.

"रक्त तपासून घे, दादा. सगल्यांचं घे. यानं काय व्हत न्हाय," शेवंतीबाय सांगत राहिली. त्याला ते पटेना. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "परात तरकली माजी."

"मग घोडबंदरला एक बाई आहे म्हणतात. तिची चांगली असेल," तो म्हणाला, आणि चौघेही रस्त्याला लागले.

मित्रांनो, त्या चौघांची नावं मला माहीत नाहीत. तो माणूस तुमच्या चाळीतला असेल, त्याची मुलं तुमच्या वर्गात असतील. भेटली तर त्यांना सांगा, परात तडकलेली नाही, धडधाकट आहे, आणि तिनेच सांगितलंय, आधी रक्त तपासा.